भुकटीला वाहते करणारे गुरुजी : वॉरन केंडल लुईस



मागे एकदा रमजान ईदच्या सुटीत माझा एक माजी विद्यार्थी घरी भेटायला आला. दहावीला त्याला विज्ञानात उत्तम गुण होते. पुढे शिकण्याऐवजी तो मामांच्या ओळखीने आखातात गेला व एका तेलशुद्धीकरण कारखान्यात, वार्षिक दुरुस्तीच्या काळात, हेल्पर म्हणून लागला. तेथील एका प्रचंड मनोऱ्याजवळ त्याला पांढुरक्या भुकटीचे काम पडले. बोलता बोलता त्याने मला एक प्रश्न विचारला. ती भुकटी कोरडी ठणठणीत होती, तरी हवा लागताच पाण्यासारखी वाहत असे, नळीतून उतरे, भांड्यात ओतली की आपोआप सपाट होई. पीठ असे वागत नाही, वाळूही वागत नाही. मग ही भुकटीच अशी का वागते?

मी बी. ए., बी. एड. शिक्षक. इतिहास आणि मराठी शिकवतो. माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या मुलाने तीन वर्षे हा प्रश्न मनात जपून ठेवला होता आणि तो विचारायला त्याला सबंध आखातात कोणी मिळाले नाही, ह्याचे मला वाईट वाटले. विज्ञानाच्या सहकाऱ्यांना गाठले, मुंबईहून दोन-तीन ग्रंथ मागवले, आणि वाचता वाचता एका माणसाशी ओळख झाली. त्याचे चरित्र आज आपल्यापुढे ठेवीत आहे. रसायन अभियांत्रिकीच्या प्रत्येक महाविद्यालयात हे नाव घेतले जाते. आपल्या घरांत मात्र ते कोणी ऐकलेले नसावे. खरे तर आपल्या महाड-पोलादपूरच्या कितीतरी घरांतली चूल आखातातल्या आणि मुंबईतल्या तेलाच्या कारखान्यांवर पेटलेली आहे.

वॉरन केंडल लुईस ह्यांचा जन्म २१ ऑगस्ट १८८२ रोजी अमेरिकेतील डेलावेअर ह्या लहानशा राज्यात, लॉरेल गावाजवळच्या एका शेतावर झाला. वडील शेतकरी. घरची शेती वडिलांनंतर मुलाने पाहायची, हे ठरल्यासारखेच होते. गावातले शिक्षण मात्र बेताचे. तेव्हा आईवडिलांनी जे केले ते आपल्याकडचे पालकही करतात: मुलाला दूरच्या नातेवाइकांकडे ठेवले. बोस्टनजवळच्या न्यूटन गावी तो नातलगांच्या घरी राहून हायस्कूल शिकला. पोलादपूरहून मुंबईला मामाकडे किंवा खालाकडे मूल पाठवताना आपला जीव कासावीस होतो. लॉरेल ते बोस्टन हे अंतर त्याच्या तिपटीहून जास्त आहे, आणि काळ १९०० च्या आधीचा.

१९०१ साली हा मुलगा मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आज जगभर एमआयटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, दाखल झाला. शाखा घेतली यंत्र अभियांत्रिकीची. हेतू साधा होता. यंत्रे शिकायची, परत जायचे, आणि वडिलांची शेती नव्या पद्धतीने करायची.

पण परत जाणे झाले नाही. संस्थेत रसायन अभियांत्रिकी नावाचा एक नवा अभ्यासक्रम १८८८ पासून चालू होता. जगातला तो अशा प्रकारचा पहिला मानला जातो. लुईस त्याकडे ओढले गेले आणि त्यांनी शाखा बदलली. वाचकहो, येथे क्षणभर थांबा. आपल्या भागात दहावीचा निकाल लागला की त्या संध्याकाळीच मुलाची लाईन ठरते, आणि एकदा ठरली की ती बदलणे म्हणजे जणू घराची अब्रू गेली. शेतासाठी शिकायला पाठवलेल्या मुलाने शेतही सोडले व घेतलेली शाखाही सोडली, तेव्हा त्या शेतकरी बापाच्या मनाचे काय झाले असेल? त्यांनी मुलाला अडवले नाही एवढे मात्र दिसते, कारण १९०५ साली लुईस रसायन अभियांत्रिकीचे पदवीधर झाले.

पुढे शिष्यवृत्ती घेऊन ते जर्मनीत गेले व १९०८ साली ब्रेस्लाउ विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून परतले. (हे शहर आज पोलंडमध्ये असून त्याचे नाव व्रोत्सवाफ आहे.) एवढी मोठी पदवी घेऊन आलेला माणूस काही काळ कुठे राबला, तर न्यू हॅम्पशायरमधल्या कातडी कमावण्याच्या कारखान्यात. कातड्याच्या वासाला नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. १९१० साली ते एमआयटीत शिक्षक म्हणून परत आले आणि मग आयुष्यभर तेथलेच झाले. १९२० साली रसायन अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग झाला तेव्हा त्याचे पहिले प्रमुख तेच होते.

त्यांनी शिकवण्याची जी रीत रूढ केली ती नीट समजून घेण्याजोगी आहे. पूर्वी साखरेचा कारखाना वेगळा शिकवीत, साबणाचा वेगळा, रंगाचा वेगळा, कातड्याचा वेगळा. विद्यार्थी एकच धंदा शिके आणि दुसऱ्या धंद्यात आंधळा राही. लुईस, त्यांचे ज्येष्ठ सहकारी विल्यम वॉकर आणि विल्यम मॅकअ‍ॅडम्स ह्यांनी १९२३ साली एक पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. त्यात साखर आणि साबण असे भाग नव्हते. त्यात ऊर्ध्वपातन होते, वाळवणे होते, गाळणे, बाष्पीभवन, उष्णतेचे वहन होते. आपल्या घरातल्या मुलीला आई बिर्याणी एकीकडे आणि खीर दुसरीकडे असे शिकवीत नाही. आच कशी राखावी, पाणी किती आटवावे, दम कसा द्यावा हे ती शिकवते, आणि मग कोणताही पदार्थ जमतो. तसेच हे. मुंबई विद्यापीठाने १९३३ साली रासायनिक तंत्रज्ञानाचा जो विभाग सुरू केला, व जो आज माटुंग्याला स्वतंत्र संस्था म्हणून नावाजला आहे, तेथे शिकणारे विद्यार्थीही अभियांत्रिकीचा भाग ह्याच रीतीने शिकतात.

ऊर्ध्वपातन हा शब्द आला म्हणून एक गोष्ट बोलून घेतो. आपल्या स्मरणिकांतून दरवर्षी जाबिर इब्न हय्यान ह्यांचे नाव येते. केमिस्ट्री हा शब्द अरबी अल्-किमिया ह्यावरून आला आणि अर्क काढण्याच्या पात्राचे युरोपीय नावही अरबीतूनच गेले, हे आपण अभिमानाने सांगतो. ते खरेही आहे. पण आपण तेथेच थांबतो. जाबिर भट्टीपुढे बसत. त्यांचे नाव घेणारे आपण किती जण मुलाला प्रयोगशाळेत उभे करतो? लुईस ह्यांचा सुरुवातीचा महत्त्वाचा लेखही ऊर्ध्वपातनावरच होता, १९०९ सालचा. जाबिरांच्या परंपरेचे वारस कोण, असे कोणी विचारले तर मला ह्या शेतकऱ्याच्या पोराचे नाव आधी आठवते.

वर्गात लुईस शांत बसणाऱ्यांपैकी नव्हते. विद्यार्थ्यावर ते प्रश्नांचा मारा करीत. मुद्दाम चुकीची बाजू घेऊन तावातावाने भांडत, आणि विद्यार्थी घाबरून हो म्हणाला की त्याचीच फजिती होई. साहेबांचे म्हणणे खोडून काढणारा विद्यार्थी त्यांना प्रिय. पैज लावण्याची भाषा त्यांच्या तोंडी सतत असे. त्यांच्या शिष्यांनी जमवलेल्या आठवणींच्या पुस्तकाच्या नावातही ती पैज उतरली आहे. पैज आपल्याकडे नाजायज खरी, पण शिक्षकाशी वाद घालण्याची मुभा नाजायज नाही. आम्ही शिक्षकांनीच ती मुलांना क्वचित दिली आहे.

आता त्या भुकटीकडे वळू.

जमिनीतून निघणाऱ्या कच्च्या तेलात पेट्रोल थोडे आणि जड, दाट तेल फार. त्या दाट तेलाचे मोठे रेणू तोडले तर पेट्रोल वाढते. तोडण्यासाठी उष्णता लागते आणि उत्प्रेरक लागतो. उत्प्रेरक म्हणजे जो स्वतः खर्ची पडत नाही पण दुसऱ्याचे काम घडवून आणतो असा पदार्थ. युजीन हूद्री नावाच्या फ्रेंच अभियंत्याने १९३६-३७ च्या सुमारास अमेरिकेत उत्प्रेरकाने तेल तोडण्याचे पहिले मोठे कारखाने चालू करून दाखवले. पण त्याच्या पद्धतीत उत्प्रेरकाच्या गोळ्या भांड्यात एका जागी रचलेल्या असत. सुमारे दहा मिनिटांत त्यांच्यावर काजळी धरे आणि काम थांबे. मग तेलाची वाट बंद करायची, हवा सोडून काजळी जाळायची, पुन्हा तेल सोडायचे. तोवर दुसऱ्या भांड्यात काम चालवायचे. झडपांची ही उघडझाप दिवसरात्र. शिवाय परवान्याची किंमतही भारी होती. तेव्हा न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑईल आणि इतर काही कंपन्या १९३८ साली एकत्र आल्या आणि दुसरी वाट शोधू लागल्या. लुईस स्टँडर्ड ऑईलचे जुने सल्लागार होते.

काजळी धरलेला उत्प्रेरक स्वतःच एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वाहत गेला, तेथे काजळी जळाली, आणि तो तापून परत पहिल्या भांड्यात आला, तर? मग काम कधीच थांबणार नाही. त्यासाठी उत्प्रेरकाची भुकटी करायची आणि ती वायूने वाहवायची. कल्पना उत्तम. पण भुकटी वायूत कशी वागेल हे कोणाला ठाऊक होते?

थोडे ठाऊक होते. जर्मनीत फ्रिट्झ विंकलर ह्यांनी १९२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत एक गोष्ट पाहिली होती. कोळशाच्या बारीक कणांच्या थरातून खालून वायू सोडला की सुरुवातीला वायू फटींतून निघून जातो आणि थर स्वस्थ राहतो. वायू वाढवत नेला की एका क्षणी थर उचलला जातो, कण सुटे होतात, आणि सगळे मिश्रण चुलीवरच्या पेजेसारखे रटरटू लागते. बुडबुडे येतात, फुटतात. हलकी वस्तू टाकली तर तरंगते, जड टाकली तर बुडते. ह्याला फ्लुइडाइज्ड बेड म्हणतात. आपण त्याला उकळता थर म्हणू. विंकलर ह्यांच्या पद्धतीने कोळशापासून वायू करणारा कारखाना १९२६ साली जर्मनीत चालू झाला.

आपल्या महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या वा रसायनाच्या कारखान्यात काम करणाऱ्या पालकांना एफबीडी हा शब्द माहीत असेल. तो फ्लुइड बेड ड्रायर म्हणजे हाच उकळता थर, ओली भुकटी वाळवण्यासाठी वापरलेला. माल फार ओला असला की त्याचे गोळे होतात, हवा एका कडेने वाट फोडून निसटते आणि बाकीचा माल ओलाच राहतो, हेही त्यांना अनुभवाने ठाऊक असेल. भाताचा कोंडा जाळणारे ह्याच जातीचे बॉयलर भारतात अनेक ठिकाणी चालतात.

लुईस आणि त्यांचे तरुण सहकारी एडविन गिलिलँड ह्यांच्यापुढे प्रश्न होता तो असा. उत्प्रेरकाचा एक कण केसाच्या जाडीएवढा, सुमारे साठ-सत्तर मायक्रॉन. असा एकटा कण स्थिर हवेत सोडला तर तो सेकंदाला सुमारे पंधरा-वीस सेंटिमीटर वेगाने खाली येतो. म्हणजे खालून ह्याहून जोराची हवा आली की तो वर उडून जाणार. खळ्यावर भात उफणताना आपण हेच पाहतो. सुपातून भात सोडला की वजनदार दाणा पायाशी पडतो आणि फोल वाऱ्याबरोबर जाते. ह्या हिशेबाने नळीत सेकंदाला अर्धा मीटर वेगाची हवा सोडली तर भुकटी फोलाप्रमाणे उडून जायला हवी आणि नळीत विरळ धूळ तेवढी उरायला हवी. एवढ्या विरळ भुकटीने तेल काय तुटणार? हवेचा वेग कमी ठेवावा तर कारखाना अवाढव्य मोठा बांधावा लागणार.

एमआयटीत लुईस-गिलिलँड ह्यांच्या हाताखालच्या विद्यार्थ्यांनी उभ्या नळीत भुकटी घेऊन प्रयोग केले. हिशेब चुकला. वेग एकट्या कणाच्या वेगाहून काही पटींनी जास्त असूनही, वरून निघालेली भुकटी खालून पुन्हा भरत राहिले की नळीत दाट थर टिकून राहत होता! थर उकळत होता, घुसळत होता, वर-खाली होत होता, पण उडून गेला नव्हता.

असे का व्हावे? एकट्या कणाचा नियम खोटा नव्हता. तो कणांच्या जमावाला लागू नव्हता, एवढेच. जुलैच्या पावसात, वारा तोंडावर येत असताना, इरली घेतलेल्या बायका शेताच्या बांधावरून एकामागून एक जातात. पुढचीला वाऱ्याचा सगळा मार बसतो, मागचीला कमी. कणांचेही तसेच. एका कणाच्या आडोशाला दुसरा कण आला की त्याला वायूचा रेटा कमी लागतो, आणि तो पहिल्याला जाऊन मिळतो. दोघांच्या आडोशाला तिसरा येतो. असे कणांचे पुंजके बनतात. वायू मोकळी वाट पसंत करतो, म्हणून तो पुंजक्यातून न जाता त्याला वळसा घालून जातो, आणि त्यामुळे पुंजक्यातल्या कणांवरचा रेटा आणखी घटतो. मग तो अख्खा पुंजका एखाद्या मोठ्या खड्यासारखा जड होऊन खाली येऊ लागतो. हे पुंजके ओल्या पिठाच्या गोळ्यासारखे चिकटलेले नसतात. ते क्षणात बनतात, क्षणात विस्कटतात, कण सुटे होऊन वर जातात आणि वर पुन्हा दुसऱ्या पुंजक्यात सापडतात. वर जाणारा वायू आणि खाली येणारे पुंजके ह्यांच्या झटापटीमुळेच सगळा थर एकसारखा घुसळत राहतो, आणि म्हणून त्यात वरपासून खालपर्यंत जवळजवळ एकच तापमान राहते.

येथे जमात आणि एकी ह्यांवर प्रवचन देण्याचा मोह कोणालाही होईल. मी तो आवरतो, कारण पुंजक्यांची दुसरी बाजूही आहे. वायू वळसा घालून गेला म्हणजे पुंजक्याच्या पोटातल्या कणांना तो भेटलाच नाही. बुडबुड्यातून निसटलेला वायूही भुकटीला न शिवता वर निघून जातो. तेवढे काम वाया. प्रयोगशाळेतल्या बोटभर नळीत उत्तम चाललेली प्रक्रिया दोन मजली भांड्यात बिघडते, ती बहुधा ह्याच कारणाने. पुंजके किती मोठे होतील, किती वेळ टिकतील, कडेला जमतील की मध्ये, ह्याचा हिशेब मांडणे इतके कठीण आहे की आजचे मोठे संगणक लावूनही तो पुरता सुटलेला नाही. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातील संशोधकांनी १९७० च्या दशकात अतिवेगवान वायूतील उकळत्या थराचा अभ्यास केला, चिनी शास्त्रज्ञांनी त्यावर पुढे पुष्कळ काम केले, आणि प्रश्न अजून चालूच आहे. आपल्यापैकी कोणा मुलामुलीला पुढे संशोधनाला विषय हवा असेल तर तो येथे वाट पाहतो आहे.

लुईस ह्यांच्याजवळ पूर्ण उत्तर नव्हते आणि त्याची त्यांनी वाटही पाहिली नाही. दाट थर टिकतो आणि भुकटी द्रवासारखी वाहते, एवढे हाती येताच कारखाना उभा करता येत होता. स्टँडर्ड ऑईलचे चार अभियंते, कॅम्पबेल, मार्टिन, मर्फ्री आणि टायसन, ह्यांनी ती घडण पुरी केली. श्रेय कोणाचे किती ह्यावर पुढे पुस्तकांतून बरेच लिहिले गेले. मला वाटते विहीर खणणारे आणि पाणी दाखवणारे दोघेही लागतात. २५ मे १९४२ रोजी लुईझियाना राज्यातील बॅटन रूज येथे पहिले संयंत्र चालू झाले. दिवसाला सुमारे तेरा हजार पिंप, म्हणजे वीस लाख लिटरच्या आसपास तेल त्यात जाई. एका भांड्यात सुमारे पाचशे अंश सेल्सिअसला तेलाची वाफ भुकटीत मिसळून तुटे. काजळलेली भुकटी आपल्याच वजनाने नळीतून उतरे, हवेबरोबर दुसऱ्या भांड्यात जाई, काजळी जाळून तापे आणि तीच उष्णता घेऊन परत येई. पहिल्या भांड्याचा कचरा दुसऱ्या भांड्याचे सरपण झाला. ही युक्ती आजही जगभर जशीच्या तशी चालू आहे. मुंबईला माहूलच्या बाजूला शुद्धीकरण कारखान्यांचे जे मनोरे दिसतात, त्यांतही ह्या पद्धतीची संयंत्रे आहेत. त्यांतला एक कारखाना १९५४ साली आणि दुसरा १९५५ साली सुरू झाला. माझ्या विद्यार्थ्याच्या हाताला जी पांढुरकी भुकटी लागली ती हीच.

चरित्र सांगताना मनुष्याची अडचणीची बाजूही सांगावी. १९४२ म्हणजे महायुद्धाचे वर्ष. ह्या भुकटीतून निघालेले पेट्रोल प्रथम लढाऊ विमानांच्या कामी आले. पहिल्या महायुद्धात लुईस ह्यांनी विषारी वायूपासून सैनिकांचा बचाव करण्याच्या साधनांवर काम केले होते, ते कोणालाही पटेल. पण १९४२ च्या अखेरीस अणुबॉम्बच्या गुप्त योजनेची पाहणी करून पुढे कसे जावे हे ठरवण्यासाठी जी समिती नेमली गेली, तिचेही अध्यक्ष लुईसच होते. तिच्या अहवालानंतर प्रचंड कारखाने उभे राहिले, आणि ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा व नागासाकीवर काय कोसळले ते आपण जाणता. ती कामगिरी वगळून त्यांचे चित्र रंगवणे मला प्रामाणिक वाटत नाही. ती सांगून त्यांना एका शब्दात दोषी ठरवणेही मला जमत नाही. शाळेतल्या वादविवाद स्पर्धेला हा विषय ठेवावा, मुलांनी दोन्ही बाजूंनी भांडावे. लुईस ह्यांच्या वर्गात तेच झाले असते.

मानसन्मान त्यांना उदंड मिळाले. १९३६ चे पर्किन पदक, १९४७ चे प्रिस्टली पदक, १९६५ चे अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक. १९४८ साली ते निवृत्त झाले. अमेरिकेच्या रसायन अभियंत्यांच्या संस्थेने त्यांच्या नावाने पुरस्कार ठेवला, तो मोठ्या संशोधनासाठी नाही, तर अध्यापनाच्या कार्यासाठी दिला जातो. शिक्षक म्हणून मला ही गोष्ट सर्वांत जास्त आवडली. ९ मार्च १९७५ रोजी, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

हे सगळे वाचून झाल्यावर मी विज्ञानाच्या सहकाऱ्यांसह एक प्रयोग करून पाहिला, तो आपणही करा. पाण्याची रुंद प्लास्टिकची बाटली घ्या, बूड कापा, त्या जागी घट्ट विणीचे जाड कापड दोन पदरी बांधा. सावित्रीच्या पात्रातली वाळू मैद्याच्या चाळणीने चाळून, चाळणीखालची बारीक वाळू बाटलीत चार बोटे भरा. कापडाखाली दुसऱ्या बाटलीचा तुकडा हवाबंद बसवून त्यातून सायकलच्या दोन पंपांनी आळीपाळीने हवा सोडा. पहिल्या दिवशी आमचे काहीच झाले नाही. हवा एका कोपऱ्यातून शिट्टी वाजवत गेली आणि वाळू तशीच. वाळू दमट होती. दुसऱ्या दिवशी एका मुलीने ती घरून तव्यावर भाजून आणली. टेबल टेनिसचा चेंडू तळाशी पुरला, दोन मुले पंप मारू लागली. वाळू थरथरली, मग पृष्ठभागावर बुडबुडे फुटू लागले, आणि चेंडू हळूच वर येऊन तरंगला. वर ठेवलेला लोखंडी बोल्ट बुडाला. पंप थांबताच वाळू दगडासारखी घट्ट झाली.

मी त्याचे चित्रण करून त्या आखातातल्या मुलाला पाठवले. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. बाहेरून बारावीचा फॉर्म भरण्याची शेवटची तारीख कोणती, हे त्याला हवे होते.